बोर्डामागचा थेंब

किल्ली आज प्रथमच त्यांच्या हातात होती आणि चकचकीत अजून यायचा होता.

चकचकीत हे एजंटचं नाव ताईने ठेवलेलं. बूट चकचकीत, कपाळ चकचकीत, बोलण्याबद्दल तर विचारूच नका. तो चार वाजता करारनामा घेऊन येणार होता. पण ताईने तळमजल्यावरच्या बाईंना गोडीत घेऊन त्यांच्याकडे ठेवलेली किल्ली मिळवली आणि पडद्यांची मापं घ्यायची म्हणून तीन वाजताच सगळ्यांना इथे आणून उभं केलं. सगळे म्हणजे आई, दादा, ताई, धाकटा, त्याची बायको धाकटी आणि तिच्या कडेवरची दीड वर्षांची चिमी. मोठी जाऊ, म्हणजे दादाची बायको, तेवढी आली नव्हती. तिचं डोकं दुखत होतं. ते नेमकं आजच का दुखावं, हे धाकटीला अर्ध्या तासाने कळणार होतं.

धाकटीने दार ढकललं, एक पाऊल आत टाकलं आणि ती तिथेच थांबली.

"काय झालं?" मागून नवऱ्याने विचारलं.

"वास घ्या."

"रंगाचा आहे. नवा रंग आहे ना."

"रंगाच्या खालचा घ्या."

रंगाऱ्याच्या घरात सून म्हणून येऊन तिला सहा वर्षं झाली होती. रंगाचा वास तिला आता भाजीच्या फोडणीसारखा झाला होता, घरात आहे की नाही तेही कळू नये असा. पण हा त्याच्या खालून येत होता. धुतलेलं फडकं वाळत न घालता बादलीतच राहून जावं, तसा. याआधी तीनदा ती या घरात आली होती. तिन्ही वेळा सकाळी अकराला, तिन्ही वेळा खिडक्या सताड उघड्या, पंखे फुल्ल आणि दारात लिंबाचा फवारा मारलेला. तेव्हा तिला वाटलं होतं, किती टापटीप आहे माणूस.

"बंद घर आहे, वास येणारच," दादा म्हणाला. तो हॉलच्या मधोमध हात मागे बांधून उभा होता. "खिडक्या उघडा म्हणजे जाईल."

"चिमे," ताई चिमीच्या गालाला बोट लावत म्हणाली, "काकांना सांग, खिडक्या उघडून वास जातो, ओल जात नाही."

गोदाम विकायच्या वेळी जिन्यात जो तमाशा झाला, त्यानंतर हे दोघं भाऊबहीण एकमेकांशी फक्त चिमीमार्फत बोलत. चिमीला अजून 'काका' म्हणता येत नव्हतं, पण तिच्या तोंडी रोज चार-चार टोमणे घातले जात.

"आत्याला सांग," दादाने चिमीकडे न बघताच उत्तर दिलं, "वीस वर्षं भिंतींवर हात फिरवतोय मी. ओल कशाला म्हणतात ते मला इंजेक्शनं टोचणाऱ्यांनी शिकवायला नको."

ताई दवाखान्यात परिचारिका होती. तिने नुसतं ओठ मुडपले.

"तू पण ना," धाकटा बायकोला हळू आवाजात म्हणाला. "दादाने स्वतः बघितलंय घर. त्या दिवशी भिंत ठोकून म्हणाला की नाही, खणखणीत आहे म्हणून? आता सहीच्या दिवशी तुझी शंका."

"सहीच्या आधीच शंका काढतात. नंतर काढून काय उपयोग?"

"आई, तूच सांग हिला."

आईने पिशवीतून मापाची पट्टी काढली आणि खिडकीकडे गेली. हे घर तिच्या पैशाचं होतं. म्हणजे बाबांच्या गोदामाचं. शिड्या, डबे, ब्रश आणि चाळीस वर्षांचे रंगाचे शिंतोडे ज्या चार भिंतींत होते, त्या तिने दोन महिन्यांपूर्वी विकल्या होत्या. कारण सध्याचं भाड्याचं घर तळघरासारखं होतं आणि गेल्या हिवाळ्यात चिमीला दोनदा दवाखान्यात नळी लावून ठेवावं लागलं होतं. डॉक्टरांनी औषधाच्या कागदावर शेवटची ओळ लिहिली होती ती औषधाची नव्हतीच. 'कोरड्या घरात राहावे.' आईने तो कागद घडी करून पदराला बांधावा तसा जपला होता. गोदाम विकायला दादाचा विरोध होता, ताईचा त्याहून मोठ्याने होकार. जिन्यातला तमाशा त्यावरूनच झाला होता.

चिमी खोकली.

एकदाच. पण धाकटीचा हात आपोआप तिच्या बरगड्यांवर गेला आणि तिने मनातल्या मनात श्वास मोजायला सुरुवात केली. मिनिटाला किती, हे ती झोपेतही मोजत असे. नवरा त्याला वेड म्हणायचा. पहिल्यांदा दवाखान्यात वेळेत पोचले ते त्या वेडामुळेच, हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

ती चिमीला घेऊन आतल्या लहान खोलीत गेली. हीच चिमीची खोली होणार होती. उत्तरेकडच्या भिंतीला एक अजस्र लाकडी कपाट टेकवलेलं होतं. "मालक फुकट सोडून चाललेत वहिनी, असं लाकूड आता मिळतं का?" असं चकचकीत म्हणाला होता. तेव्हा तिला तेही आवडलं होतं. फुकट म्हटलं की माणूस मागे काय आहे ते बघत नाही.

तिने चिमीला खाली ठेवलं. चिमी दुडूदुडू थेट कपाटाशेजारच्या दिव्याच्या बोर्डाकडे गेली. बोर्ड अगदी खाली बसवलेला, पलंगावरून हात पोचावा म्हणून. आणि त्याचं झाकण एकाच स्क्रूवर लोंबत होतं. दुसऱ्या स्क्रूचं भोक रिकामं.

"नाही! हात नाही लावायचा!" तिने मुलीला खस्सकन उचललं, दार ओलांडून मेन स्विच बंद केला, परत आली, चिमीला गुडघ्यांत धरलं आणि नखाने तो स्क्रू पिळायला बसली. स्क्रू उलटा फिरला. झाकण तिच्या हातात आलं.

झाकणामागे भिंतीला रंग नव्हता. उघड्या प्लास्टरवर सुताराच्या जाड पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं.

आधी तिला फक्त ओळखीचं वाटलं, गर्दीत आपल्या माणसाची पाठ दिसावी तसं. दोन उभ्या रेघा. त्यांखाली तारीख. त्यांच्या बाजूला पाण्याचा एक थेंब, वर टोक, खाली गोल, चित्रकलेच्या पहिल्या इयत्तेतल्या मुलाने काढावा तसा.

लग्न होऊन ती घरी आली त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिला स्वयंपाकघरातल्या बोर्डाचं झाकण काढून ही खूण दाखवली होती. "बघ पोरी, ही आपल्या घराण्याची सही. जितक्या रेघा तितके रंगाचे हात. तारीख मारल्याची. आणि भिंत कोरडी असेल तर टिंब, ओली असेल तर थेंब." मग हसून म्हणाले होते, "पण थेंब तुला कुठे दिसायचा नाही. थेंब काढला की ब्रश धुवायचा आणि मालकाला सांगायचं, आधी पाणी शोधा. ओल्या भिंतीवर रंग मारणं म्हणजे तापलेल्या माणसाला पावडर लावून लग्नाला उभं करणं."

इथे थेंब होता. आणि दोन रेघाही होत्या.

तिने तारीख पुन्हा वाचली. बोटांवर मागे मोजलं. सव्वीस दिवस. चकचकीतने त्यांना हे घर पहिल्यांदा दाखवलं त्याच्या दोन दिवस आधी.

"अहो," तिने हाक मारली. स्वतःचा आवाज तिला कुणा दुसरीचा वाटला. "इकडे या."

धाकटा आला, वाकला. "अरे! बाबांची खूण! इथे पण बाबांनी—"

"बाबांना जाऊन चार वर्षं झाली. तारीख वाचा."

त्याने वाचली. मग तो उकिडवाच बसून राहिला. औषधाच्या गोदामात तो मालाच्या तारखा तपासायचं काम करायचा; तारीख कधी खोटं बोलत नाही असं तो नेहमी म्हणायचा. आज तोच ती तीन-तीनदा वाचत होता, जणू चौथ्यांदा ती बदलेल.

*

हॉलमध्ये दादाला मेन स्विच पडल्याचा खट्ट आवाज आला होता, आणि त्या आवाजासरशी त्याला दुसरा स्क्रू आठवला.

तो स्क्रू अजून त्याच्या कामाच्या पँटच्या खिशात असणार. त्या दिवशी संध्याकाळ होत आली होती, चकचकीत दारात उभं राहून घड्याळ दाखवत होता. "दादा, उरका. परवा गिऱ्हाईक आणायचंय." दादा म्हणाला होता, शेठ, ही भिंत रडतेय, वरचा पाईप फुटलाय, आधी तो बघा. चकचकीत म्हणाला होता, पाईप मालक करतोय, पुढच्या आठवड्यात प्लंबर येतोय, तुम्ही हात मारा. वर्षाला आठ-दहा घरं देणारा माणूस. दादाने हात मारले. आणि झाकण लावण्याआधी, कुणी बघत नसताना, बघायला कुणी येणारही नसताना, त्याच्या हाताने खिशातून पेन्सिल काढली. खोटं टिंब काढता आलं असतं. काहीच न लिहिताही चाललं असतं. पण त्याच्या हाताला ते येत नव्हतं. त्याने थेंब काढला.

धाकटा समोर येऊन उभा राहिला. लहानपणी खेळात हरल्यावर त्याचा खालचा ओठ असाच पुढे यायचा.

"दादा, तू हे घर आधी बघितलं होतंस?"

"कुठलं?"

"दादा."

"...रंगवलं होतं. काम होतं."

"आणि माझ्यासोबत आलास तेव्हा? नवीनच बघतोयस असं करून भिंत ठोकलीस? खणखणीत म्हणालास?"

"हॉलची ठोकली होती. हॉलची खणखणीतच आहे," दादा म्हणाला, आणि बोलता बोलताच ते किती हलकं वाटतंय हे त्याला ऐकू आलं.

"वा!" ताई टाळी वाजवून म्हणाली. मग ती वळली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा, चिमीला मध्ये न घेता, थेट त्याच्याशी बोलली. "दादा, माझ्याकडे बघ. या पोरीच्या हातात सुई टोचताना मी तिला धरून बसले होते. शीर सापडेना म्हणून तीनदा टोचावं लागलं. तू बाहेर बाकावर बसून रडत होतास. ते रडणं कसलं होतं रे?"

दादाला राग यायला हवा होता, निदान येण्याचं सोंग तरी करायला हवं होतं. त्याऐवजी तो बोलत सुटला. रंगवलं तेव्हा हे घर आपल्याच माणसांना दाखवणार आहेत हे त्याला माहीत नव्हतं. कळल्यावर तो चकचकीतकडे गेला होता. चकचकीत म्हणाला, पाईप झाला, आता वाळेल, तुमच्या भावाला स्वस्तात मिळतंय, तुम्हीच मोडता घालणार? आणि घातलात तर पुढच्या कामांचं मला दुसरा माणूस बघावा लागेल. आपलं गोदाम गेलं होतं. सामान जिन्याखाली पडलं होतं. काम गेलं तर काय उरणार होतं?

"म्हणजे गोदामाचा राग माझ्या मुलीच्या छातीवर काढलात," धाकटी म्हणाली.

ती दारात उभी होती. सहा वर्षांत ती दादाशी मान वर करून बोलली नव्हती; 'दादा, वाढू का', 'दादा, पाणी', एवढंच. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"तसं नाही गं—"

"मग कसं? तो माणूस तिन्ही वेळा मला काय म्हणाला ठाऊक आहे? 'वहिनी, तुमच्या घरातलाच रंगारी हो म्हणतोय, मी परका वेगळं काय सांगणार?' मी माझी शंका गिळली दादा, तुमच्याकडे बघून. रात्रंदिवस शंका घेणारी बाई मी, सगळे हसतात मला. आणि जिथे घ्यायची तिथे घेतली नाही, कारण तुम्ही होतात. त्याने घर नाही विकलं आम्हाला. तुम्हाला विकलं. आणि जाऊबाईंना माहीत होतं, हो ना? म्हणून डोकं दुखतंय त्यांचं."

दादा भिंतीला टेकला. हॉलच्या. ती खरंच कोरडी होती.

*

आईला एवढं सगळं ऐकू येत होतं, तरी ती खिडकीचं माप घेत होती. चार फूट दोन इंच. पुन्हा घेतलं. चार फूट दोन इंच. पट्टी गुंडाळली, पिशवीत ठेवली, आणि लहान खोलीत गेली.

"कपाट सरकवा," ती म्हणाली.

धाकटा आणि ताई पुढे झाले. कपाट जागचं हलेना. मग दादा आला, न बोलता, आणि त्याने खांदा लावला. कपाट कुरकुरत हातभर पुढे आलं.

मागची भिंत हॉलच्याच रंगाची होती, फिकट दुधी, पण ती सपाट नव्हती. जागोजागी फोड आले होते, पोळलेल्या हातावर येतात तसे. कोपऱ्यात काळी नक्षी उमटायला लागली होती. आईने एका फोडावर अंगठा दाबला. रंगाची साल अलगद सुटली आणि आतला ओला भुगा तिच्या नखात भरला. तीस वर्षं ती नवऱ्याला भिंतीच्या भेगांत भरायची लांबी कालवून देत आली होती; बोटांना कळायला क्षणही लागला नाही.

"पाईप झाला म्हणाला ना तो?"

"हो."

"तू वर जाऊन बघितलास?"

दादा खांद्याला लागलेली कपाटाची धूळ झटकायला लागला.

"तुझ्या बापाने थेंब काढून काम सोडलं की त्या महिन्यात आपल्याकडे चहा बिनदुधाचा असायचा," आई म्हणाली. "तू कुरकुर करायचास. मी तुला सांगायचे, उद्या येईल दूध. आठवतं? की तेवढंच विसरलास?"

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले.

"अरे वा, सगळे आधीच हजर!" चकचकीत दारातूनच म्हणाला. काखेत फाइल, हातात लिंबाच्या फवाऱ्याची बाटली. ती पाहून ताई इतक्या मोठ्याने हसली की चिमी दचकली. "काकू, किल्ली मागितली असती तर मीच—" मग त्याला पुढे आलेलं कपाट दिसलं. बाटलीचा हात हळूच पाठीमागे गेला.

"या शेठ," ताई म्हणाली. "मारा की फवारा. आज जरा जास्त लागेल."

"हे होय? किरकोळ आहे हो. घर म्हटलं की थोडीफार ओल असतेच."

"तिसऱ्या मजल्यावरच्या आतल्या भिंतीला?" धाकटीने विचारलं. "पाईप दुरुस्त केला म्हणालात, त्या प्लंबरचा नंबर द्या. आत्ता फोन लावू."

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला समजेल. सगळं कागदावर आहे. 'आहे त्या स्थितीत' असं लिहिलंय. आणि तुमचे दादाच तर—"

"दादांचं नाव आता घेऊ नका," धाकटा म्हणाला. तो भावाच्या बाजूने बोलत होता की विरुद्ध, हे त्याचं त्यालाही नीट कळलं नसावं.

चकचकीतच्या चेहऱ्यावरची चमक उतरली. "ठीक आहे. नसेल घ्यायचं तर नका घेऊ. पण इसाराची रक्कम परत मिळत नसते, हे आधीच सांगितलं होतं. सोमवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय. लहान बाळ आहे त्यांच्याकडे पण, त्यांना काही त्रास नाही."

धाकटीच्या हातात चिमीची बरगडी वरखाली होत होती आणि प्रथमच ती मोजायचं विसरली. सोमवारची ती दुसरी बाई तिला दिसली. कडेवर मूल. उघड्या खिडक्या, पंखे फुल्ल, लिंबाचा वास. किती टापटीप आहे माणूस, असं म्हणणारी.

"आई," ती म्हणाली, "आपण नुसतं निघून जायचं नाही."

"कोण जातंय?" आईने दादापुढे हात केला. "पेन्सिल."

"आई..."

"आहे खिशात. तुझ्या बापाच्याही असायची. काढ."

दादाने पेन्सिल काढली. आईने ती घेतली नाही. त्याचाच हात मनगटाला धरून तिने भिंतीकडे वळवला.

"आता बोर्डाच्या आत नाही. वर काढ. जिथे सगळ्यांना दिसेल तिथे."

"अहो काकू, हे काय! मालकाची भिंत आहे, मी पोलिसांत जाईन!"

"जा," आई म्हणाली. "मीही येते. त्यांनाही ओल दाखवू. ही माझी परिचारिका मुलगी येईल, बाळाच्या छातीत काय होतं ते सांगायला. हा माझा रंगारी येईल, कुणाच्या सांगण्यावरून रंग मारला ते सांगायला. येशील ना रे?"

दादाने चकचकीतकडे पाहिलं. वर्षाची आठ-दहा घरं त्या कपाळावर अजून थोडी चमकत होती.

"येईन," तो म्हणाला.

"आणि इसार परत आला नाही तर," ताई फोन उंचावत म्हणाली, "सोमवारी सकाळी अकराला मी खाली दारातच उभी असेन. या भिंतीचे फोटो घेऊन. मंगळवारी पण. माझी महिनाभर दुपारपाळी आहे."

चकचकीतने फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मग फोन काढून तो जिन्यात गेला, आणि मालकाशी बोलताना त्याचा आवाज प्रथमच कुणालाही ऐकू येऊ नये इतका खाली गेला.

दादाने भिंतीवर पेन्सिल टेकवली. फोड चुकवत त्याने आधी दोन उभ्या रेघा ओढल्या. खाली तारीख. मग वर टोक, खाली गोल. थेंब बाबांसारखाच आला.

"लहान झाला," धाकटी म्हणाली.

दादाने वळून तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घेतली नाही. चिमीने थेंबाकडे बोट केलं.

"मोठा काढा दादा," धाकटी म्हणाली. "दारातून आत येणाऱ्या बाईला दिसला पाहिजे."

त्याने मान हलवली, पेन्सिल आडवी धरली आणि पुन्हा सुरुवातीपासून काढायला घेतला.